शेरा : माहेरी गेली

नोंदवहीच्या अगदी उजव्या कडेला एक अरुंद रकाना होता आणि त्याच्या माथ्यावर ‘शेरा’ असे छापलेले होते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या काही गावांत गरोदर स्त्रियांमधल्या रक्तक्षयाचा अभ्यास चालू होता आणि संख्याशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी वर्षभर तिथे नोंदी तपासण्याचे काम करत होते. गावोगावच्या ताई दर महिन्याला घरी जाऊन वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहून आणत, बाळंतपण झाले की बाळाचे वजन लिहीत आणि भरलेल्या वह्या माझ्या टेबलावर येत. कितीतरी ओळींत सातव्या महिन्यापर्यंतचे आकडे सुवाच्य अक्षरात भरलेले असत, पुढचे रकाने मोकळे असत आणि शेऱ्यात दोनच शब्द असत : ‘माहेरी गेली.’

त्या ओळी मी गाळल्या. आईच्या रक्तक्षयाचा बाळाच्या वजनाशी संबंध काय, हे शोधायचे होते आणि ज्या ओळीत बाळाचे वजनच नाही तिचा उपयोग काय, असे मला वाटले. खरे तर मी मुद्दाम गाळल्या नसत्या तरी संगणकाने गाळल्याच असत्या. अपुरी ओळ दिसली की बहुतेक सांख्यिकी प्रणाली ती न विचारता बाजूला ठेवून उरलेल्यांवर गणित करतात. उरलेल्या ओळींवरून सरासरी निघाली, तक्ता झाला, तक्ता अहवालात गेला. कोणी काही विचारले नाही. मलाही काही विचारावेसे वाटले नाही, हे मला आज अधिक लागते.

पुढच्या वर्षी मी जैवसांख्यिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी बाल्टिमोरला गेले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची शाळा १९१६ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून उभी राहिली आणि विल्यम वेल्च हे तिचे पहिले अधिष्ठाता होते. महाराष्ट्रात ही शाळा अनेकांना माहीत आहे ती डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यामुळे. दोघांनीही तिथेच सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि परत येऊन गडचिरोलीत काम सुरू केले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्या ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली गेली तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला होता. जाण्यापूर्वी मी तो निबंध वाचला तेव्हा माझे सगळे लक्ष त्या उतरलेल्या आकड्याकडे होते. आधीचा ६२ हा आकडा मिळवायला काय करावे लागले असेल, जे बाळ घरात जन्मले आणि तिसऱ्या दिवशी घरातच गेले त्याची नोंद कोणत्या वहीत कशी आली असेल, हा प्रश्न मला पडला नव्हता.

वुल्फ स्ट्रीटवरच्या त्या इमारतीत वर्षाचे चार भाग केलेले असतात आणि एकेक भाग आठ आठवड्यांचा असतो. चौथ्या आठवड्यात सहामाहीसारखी परीक्षा येते, आठव्यात अंतिम, आणि दर आठवड्याला गृहपाठ. त्या घाईबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. ती सवयीची होते. सवय व्हायला वेळ लागला तो प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा. पुण्यात मी जे संख्याशास्त्र शिकले ते मला अजूनही प्रिय आहे आणि त्याच्या बळावरच मी तिथे तग धरला. पण त्यातले जवळजवळ प्रत्येक प्रमेय एकाच वाक्याने सुरू होत असे : समजा, आपल्याकडे एन निरीक्षणे आहेत. ती आहेत, हे गृहीतच. इथे वर्गात डॉक्टर होते, परिचारिका होत्या, निर्वासितांच्या छावण्यांत काम करून आलेली माणसे होती, आणि फळ्यावर एन लिहिला गेला की त्यांच्यापैकी कोणीतरी विचारायचेच की ही माणसे तुमच्यापर्यंत आली कशी. पहिल्या काही आठवड्यांत मला तो विषयांतराचा प्रश्न वाटला. तोच विषय आहे हे कळायला मला जवळजवळ एक सत्र लागले.

ते कळले एका जुन्या चुकीमुळे, आणि ती चूक खुद्द आमच्या विभागाच्या पहिल्या प्रमुखांची होती. जैवसांख्यिकीचा हा विभाग १९१८ साली रेमंड पर्ल यांनी सुरू केला. १९२९ साली त्यांनी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या शवविच्छेदनांच्या नोंदी घेऊन एक तुलना प्रसिद्ध केली. कर्करोग असलेली ८१६ शवविच्छेदने आणि कर्करोग नसलेली तितकीच. पहिल्या गटात ६.६ टक्के लोकांना सक्रिय क्षयरोग होता, दुसऱ्यात १६.३ टक्के. पर्ल यांनी निष्कर्ष काढला की क्षयरोग कर्करोगाला आवर घालतो, आणि क्षयजंतूंपासून केलेल्या ट्युबरक्युलिनने कर्करोगावर उपचार करून पाहण्यापर्यंत विचार गेला. गणितात कुठेही चूक नव्हती. चूक होती ती त्या १,६३२ माणसांच्या तिथे असण्यात. शवविच्छेदनाच्या टेबलावर येण्यासाठी आधी मरावे लागते, आणि त्या काळात कर्करोगाखेरीज माणसे ज्या रोगांनी मरत त्यांत क्षयरोग अग्रभागी होता. म्हणजे ‘कर्करोग नसलेल्या’ गटात क्षयरोगी ठासून भरलेले असणार हे त्या गटाच्या निवडीतच ठरून गेले होते. कर्करोगाने त्यांना वाचवले नव्हते आणि क्षयानेही कोणाला कर्करोगापासून वाचवले नव्हते; त्या नोंदवहीत कोण शिरू शकतो एवढेच त्या टक्केवारीने सांगितले होते.

याच शाळेतून डॉक्टरेट घेतलेल्या जोसेफ बर्कसन यांनी पुढे १९४६ साली रुग्णालयातल्या नोंदींवरून केलेल्या तुलना का फसतात याचे स्वच्छ गणित मांडले आणि आज हा दोष त्यांच्या नावाने ओळखला जातो. मला या प्रकरणात विशेष वाटते ते हे की ज्या विभागाचा पाया पर्ल यांनी घातला त्याच विभागात ही चूक पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना आकड्यांसकट शिकवली जाते. मूळपुरुषाचे नाव झाकून ठेवावे असे तिथे कोणाला वाटत नाही. त्या दिवशी वर्गातून बाहेर पडताना मला माझी नोंदवही आठवली नाही, पण मनात काहीतरी अडकून राहिले होते.

ती आठवली कापलान-मायर पद्धत शिकताना. वैद्यकीय नियतकालिकांत पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी जी रेषा दिसते ती हीच. यातले पॉल मायर १९५० च्या दशकात आमच्याच विभागात शिकवत होते, तर एडवर्ड कापलान बेल प्रयोगशाळेत समुद्राखालच्या टेलिफोन तारांमधल्या निर्वात नळ्या किती काळ टिकतात या विचारात होते. दोघांनी स्वतंत्रपणे लिहिलेले निबंध एकाच नियतकालिकाकडे आले, संपादकांनी दोघांना मिळून एकच निबंध करायला सुचवले आणि तो १९५८ साली प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न काचेच्या नळ्यांचा, दुसऱ्याचा रुग्णांचा, अडचण एकच. अभ्यास संपतो तेव्हा काही नळ्या जळायच्या राहिलेल्या असतात, काही रुग्ण जिवंत असतात, काही अर्ध्यावर गाव सोडून गेलेले असतात. त्यांचे काय करायचे?

समजा, पाच रुग्ण आहेत. पहिला तिसऱ्या महिन्यात दगावला. दुसरा पाचव्या महिन्यापर्यंत ठीक होता, मग कुठे गेला ते कळले नाही. तिसरा आठव्या महिन्यात दगावला आणि उरलेले दोघे वर्षअखेर जिवंत आहेत. वर्षभर जगण्याचे प्रमाण किती? दुसऱ्याला गाळले तर चारांपैकी दोन, म्हणजे ५० टक्के. तो जगलाच असे मानले तर पाचांपैकी तीन, म्हणजे ६०. दोन्ही उत्तरांत त्याच्यावर अन्याय आहे. एकात त्याचे पाच महिने फुकट गेले, दुसऱ्यात आपण न पाहिलेले सात महिने त्याच्या नावावर मांडले. कापलान आणि मायर म्हणतात की तो होता तोवर त्याला मोजा. तिसऱ्या महिन्यात पाच जण नजरेसमोर होते आणि चार उरले. म्हणून पाचास चार. आठव्या महिन्यात नजरेसमोर तिघेच होते, त्यांतले दोन उरले. म्हणून तिनास दोन. दोन्हींचा गुणाकार केला की सुमारे ५३ टक्के येतात. इतके साधे. या पद्धतीला माझ्या मनात आजही एक वेगळीच जागा आहे, कारण इतक्या थोडक्या गणितात इतकी मोठी न्यायबुद्धी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तो माणूस पाच महिने आपल्याबरोबर होता. ते पाच महिने त्याचे आहेत आणि ते मोजले गेले पाहिजेत.

मात्र तिथेच फळ्याच्या कोपऱ्यात एक अट लिहिलेली होती : माणसाचे जाणे आणि त्याचे दुखणे यांचा एकमेकांशी संबंध नसावा. जो गेला तो प्रकृती ढासळली म्हणून गेला असेल, तर हे गणित चुकते. अट लिहून घेताना माझा हात थांबला. माझ्या वहीतल्या बायका का गेल्या होत्या?

त्याचे उत्तर महाराष्ट्रात कोणालाही विचारले तरी मिळेल. पहिले बाळंतपण माहेरी होते. सातव्या महिन्यात ओटी भरली जाते, डोहाळजेवण होते, मग भाऊ किंवा वडील येऊन लेकीला घेऊन जातात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती पुष्कळदा सासरीच राहते. म्हणजे ज्या ओळी मी ‘अपूर्ण’ म्हणून गाळल्या त्या बहुतांशी पहिलटकरणींच्या होत्या. पहिलटकरणींची बाळे पुढच्या खेपेच्या बाळांपेक्षा सरासरीने थोडी हलकी असतात, हे प्रसूतिशास्त्रात जुने ज्ञान आहे. त्या वयानेही लहान असतात. माझ्या तक्त्यातली जन्मवजनाची सरासरी वास्तवापेक्षा चांगली दिसत असणार, आणि ज्या कोवळ्या मुलींसाठी तो अभ्यास सर्वांत आवश्यक होता त्याच त्यातून नाहीशा झाल्या होत्या. त्यांना नाहीसे कोणी केले होते हेही मला माहीत होते. त्यांच्या जाण्याचे कारण शेऱ्यात लिहिलेले होते. ताईंनी ते दर वेळी, न चुकता, लिहिले होते आणि मी तो रकाना संगणकात भरलाच नव्हता, कारण त्यात आकडा नव्हता.

त्या सत्रात मी डोनाल्ड रुबिन यांचा १९७६ चा निबंध वाचला. गहाळ माहितीकडे पाहण्याची आजची सगळी भाषा तिथून निघाली आहे. त्यांचा मूळ प्रश्न असा, की रकाना मोकळा का राहिला. कधी कारण अगदी निरर्थक असते. पान भिजले, अक्षर पुसले. कधी ते आपण जे नोंदवले आहे त्यातूनच समजते. पहिली खेप असल्याने गेली, आणि पहिली खेप आहे हे तर वहीत लिहिलेच आहे. आणि कधी ते ज्या रकान्यात काही लिहिले नाही त्यातच दडलेले असते. बाळ गेले म्हणून घरच्यांनी दार उघडले नाही. पहिल्या प्रसंगी ओळ गाळली तर नुकसान थोडे, दुसऱ्या प्रसंगी गणिताने बरेच सावरता येते. तिसऱ्या प्रसंगी कोणतेही गणित एकटे पुरत नाही. आणि समोरचा मोकळा रकाना या तिन्हींपैकी कोणता, हे त्या रकान्याकडे कितीही वेळ पाहत बसले तरी कळत नाही.

याच सुमारास वर्गात मद्रासच्या क्षयरोग चाचणीवर चर्चा झाली आणि मला आपल्याकडच्या कामाचा फार अभिमान वाटला. १९५६ साली मद्रासमध्ये १९३ क्षयरुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने दोन गटांत विभागले. एका गटाला आरोग्यधामात ठेवून औषध दिले, दुसऱ्याला त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत. निकाल १९५९ साली आला आणि घरचा उपचार आरोग्यधामाच्या तोडीचा ठरला. घरातल्या इतरांना अधिक लागण झाली नाही, हेही पुढे दिसून आले. जगभर आरोग्यधामे बंद होण्यामागे या अभ्यासाचा मोठा हात आहे. वर्गात सगळे निकालाबद्दल बोलत होते, पण मी वाचताना अडखळले होते ते पद्धतीच्या वर्णनावर. आगाऊ न कळवता घरी जायचे, गोळ्या मोजायच्या, लघवीची तपासणी करून औषध खरोखर घेतले का ते पाहायचे. त्या निकालाचे सगळे बळ कोणीतरी जिने चढून गेल्यामुळे आलेले आहे.

माझ्या प्रबंधिकेचा विषय तोवर ठरला होता. जुन्या प्रकल्पाकडून रीतसर परवानगी घेऊन, ओळख पुसलेल्या नोंदी मागवून, गाळलेल्या ओळी परत घेतल्या आणि वजने देण्याची पद्धत वापरायचे ठरवले. तिची कल्पना अशी : समजा, तीन पहिलटकरणींपैकी दोघी माहेरी गेल्या आणि एकीची नोंद पूर्ण झाली, तर त्या एकीला तिघींच्या वतीने बोलू द्यायचे, तिच्या ओळीला तिप्पट वजन द्यायचे. ज्या गटातून कोणीच गेले नाही तिथे प्रत्येकीचे वजन एक. कागदावर हे सुंदर उतरते. माझे आकडे निघाले, पहिल्या अहवालातली सरासरी अपेक्षेप्रमाणे खाली सरकली आणि चूक सुधारली गेली असे समाधान घेऊन मी दोन दिवस काढले.

नंतर एका रविवारी रात्री, तिकडे सोमवारची सकाळ उजाडली होती तेव्हा, मी त्या वेळच्या एका ताईंना फोन केला. विचारायचे होते ते भलतेच काही, वजनकाटा कोणता वापरत होता असे. बोलता बोलता मी त्यांना सांगितले की ज्या पहिलटकरणी सासरीच बाळंत झाल्या त्यांच्यावरून मी माहेरी गेलेल्यांचा अंदाज बांधते आहे.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो मॅडम, पहिल्या खेपेला जी जात नाही ना, तिला बहुतेक माहेरच नसतं. आई नसते, नाहीतर त्यांचं खायचे वांधे असतात, नाहीतर हिनं मनानं लग्न केलेलं असतं. तिच्यावरून जाणारीचं कसं कळायचं?”

मी वहीवर काहीतरी लिहिल्यासारखे केले. खिडकीबाहेर ईस्ट बाल्टिमोरची एकाला एक चिकटलेली विटांची घरे दिसत होती, त्यांतल्या काहींच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. आमच्या शाळेच्या सावलीत राहणारी ही वस्ती. इथेही अभ्यासातली माणसे हरवतात, आणि ती का हरवतात हे त्या ठोकलेल्या फळ्या पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन वर्षे मी अटी पाठ करत होते. गेलेली आणि राहिलेली यांच्यात, आपण नोंदवलेल्या गोष्टी सोडल्या तर, दुसरा फरक नसावा, ही वजनांच्या पद्धतीची अट मी परीक्षेत पूर्ण गुणांनिशी लिहिली होती. ताईंनी ती एका वाक्यात मोडून दाखवली. आई नसलेली मुलगी, तिच्या आहारात, तिच्या विश्रांतीत, तिच्या आठव्या महिन्यातल्या कामाच्या ओझ्यात जो फरक असेल तो माझ्या एकाही रकान्यात नव्हता, आणि मी तिच्याच ओळीला तिप्पट वजन देऊन तिला माहेरी गेलेल्या मुलींच्या वतीने बोलायला लावत होते.

माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांना मी दुसऱ्या दिवशी हे सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि ‘माहेर’ या शब्दाचा अर्थ नीट समजावून सांगायला सांगितले. मला तासभर लागला. इंग्रजीत त्याला शब्द नाही हे मी वाक्यावाक्याला अनुभवले. आईवडिलांचे घर म्हटले की त्यातली ओढही जाते आणि हक्कही. त्यांनी सुचवले की प्रबंधिकेत एक प्रकरण या अटीवरच लिहावे : हा न नोंदलेला फरक किती मोठा असला तर माझा निष्कर्ष बदलेल, ते वेगवेगळी मूल्ये धरून काढून दाखवावे. ते मी केले. उत्तर एका आकड्याऐवजी एका पट्ट्याच्या रूपात आले, तो पट्टा मला हवा होता त्याहून रुंद होता, आणि मी तो तसाच छापला. माझ्या शिक्षणातले सर्वांत प्रामाणिक पान मी ते समजते.

परतल्यावर मी दुसऱ्या एका प्रकल्पात रुजू झाले. तिथेही गरोदर स्त्रियांचाच पाठपुरावा आहे आणि पहिल्या महिन्यात मी एकच हट्ट धरला, की नावनोंदणीच्या वेळीच दोन रकाने जास्तीचे असावेत : माहेरचे गाव आणि तिथे संपर्क कोणाशी करायचा. बैठकीत रकाने वाढवायला नेहमीच विरोध असतो आणि तो रास्तही असतो, कारण प्रत्येक रकाना कोणाला तरी उन्हातान्हात फिरून भरावा लागतो. शेवटी ते दोन रकाने मंजूर झाले. आता बाई माहेरी गेली की तिथल्या आशाताईंना फोन जातो, आणि पुष्कळदा बाळाचे वजन आठवडाभरात कळते.

गेल्या आठवड्यात नव्या फॉर्मचे एक छायाचित्र मोबाइलवर आले, एका कोपऱ्यावर अंगठ्याची सावली पडलेले. वय १९, खेप पहिली, हिमोग्लोबिन ८.४. ‘माहेरचे गाव’ या रकान्यात ताईंनी निळ्या शाईने लिहिले होते : ‘नाही. आई वारली. इथेच बाळंत होणार.’ जागा कमी पडली म्हणून शेवटचे दोन शब्द समासात गेले होते. मी ते संगणकात भरले, समासातल्या दोन शब्दांसकट.